खाली माग, आत झडप

गेल्या वर्षी उतराण, म्हणजे संक्रांत, झाल्यावर सुरतेच्या एका हॉस्पिटलमध्ये माझ्या हृदयाची झडप बदलली. त्याआधी टू-डी इको काढला होता. त्यात सोनोग्राफीसारखं हृदय पडद्यावर दिसतं. डॉक्टर म्हणाले, "मायट्रल व्हॉल्व्ह पार आखडलाय. बदलावा लागेल." लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याने झडप खराब झाली होती.

नवी झडप मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम आहे. ती उघडमीट करताना टिकटिकते. हे आधी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या धास्तीत माझ्या लक्षात राहिलं नाही.

आम्ही सुरतेतच, गोडादऱ्यात, यंत्रमागांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. माग चालू असले की फरशी थरथरते आणि बोलायचं तर ओरडावं लागतं. नवरा त्याच कारखान्यात कारागीर आहे. हा खडखडाट नव्या झडपेला सोसणार नाही, असं त्याने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, सुमनताईंनी ठरवलं. डॉक्टरांना कोणी विचारलं नाही. हॉस्पिटलमधून मला थेट बारडोलीला, ताईंच्या घरी नेलं.

घर उसाच्या शेताला लागून. पहिल्याच दुपारी सगळे झोपले आणि मला टिकटिक ऐकू आली. मी ताईंना भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं. आवाज चालूच राहिला. ताईंनी माझ्या छातीजवळ कान नेला आणि मागे सरकल्या.

"अगं माय! हे तर बाहेर ऐकू येतंय!"

संध्याकाळपर्यंत शेजारणी ऐकून गेल्या. एकीने विचारलं, "वहिनी, किती वाजले?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण नंतर मी तो आवाज मोजत बसू लागले. पुढचा ठोका पडेल की नाही, एवढंच डोक्यात असायचं. जेवण सुटलं, झोप उडाली. उठून चहा ठेवला तरी ताई म्हणायच्या, "आता तू काहीच करू नको."

तपासणीला सुरतेला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते?"

"लागते," नवरा म्हणाला.

"नाही लागत. मला विचारा, मी समोर बसलेय," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "याला डिप्रेशन म्हणतात. मन खचतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं. ताप आला की सांगता, तसं हेही सांगायचं. आणि टिकटिक येतेय म्हणजे झडप चालू आहे. तो आवाज बदलला किंवा मंदावला, तर लगेच या." मागांच्या खडखडाटाने झडपेला काही होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. समुपदेशकाकडे पाठवलं.

बाहेर आल्यावर नवरा बारडोलीच्या बसकडे वळला.

"तुम्ही जा. मी गोडादऱ्याला चालले."

"लोक काय म्हणतील? आजारी बाईला मागांवर आणून ठेवलं!"

"त्यांना वर बोलवा. खडखडाटात काय म्हणतात ते ऐकूच येणार नाही."

तो रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसला.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांनी घरच्यांना आधीच बजावावं: माझी झोप कशी आहे, ते मीच सांगणार.

रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची आहे. सुई टोचली तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून घरी करायचे ते साड्यांवरचं सुईकाम सोडलं; आता गोंदाने खडे चिकटवते. साड्यांचं गाठोडं नवरा वर आणून देतो. समुपदेशकाकडे जाणं चालू आहे. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची तपासणी, काल झाली. आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे. आज दुपारी वीज गेली, माग थांबले. टिकटिक ऐकू आली. वीज येईपर्यंत एका साडीचा पदर पूर्ण झाला.