मॅनेजरमामांनी घेतलेलं नाव

मुलांनो, दौंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या मॅनेजरमामांना कुणी ‘मालक’ म्हटलं, की ते मागे वळून बघत. जणू मालक पाठीमागून येतो आहे. लोक हसत. तेलगिरणीचा सारा कारभार मामांच्या हातात, त्यामुळे ही त्यांची थट्टाच वाटे.

थट्टा नव्हती, हे पुढे कळलं. गिरणी एका कंपनीची होती. त्या कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर मुंबईच्या दुसऱ्या कंपनीकडे होते, आणि त्या दुसरीचे शेअर एका शेठजींनी मामांच्या नावावर ठेवले होते. आता तुमच्याकडे कंपनीमागच्या खऱ्या माणसाचं नाव जाहीर करावं लागतं, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. तेव्हा कंपनीच्या आड कंपनी उभी केली की भागत असे. आमच्या घरात कुणी विचारलंच, तर मामा म्हणत, “चहा घ्या, गार होतोय.” गप्प राहण्याचा शब्द त्यांनी शेठजींना दिला होता.

एका उन्हाळ्यात गिरणी बंद झाली. यंत्रं विकायची, असा मुंबईहून हुकूम आला. कामगार मामांच्या ओट्यावर जमले. इंजिन सांभाळणारे रहीमभाई पुढे होते.

“मामा, इकू नका म्हणून कुणाचे पाय धरायचे, तेवढं सांगा.”

“कंपनीचा निर्णय हाय.”

“कंपनीला पाय असत्यात व्हय?”

मग मामांनी शेठजींचं नाव सांगितलं.

रहीमभाई आणि आणखी तिघं मुंबईला गेले. शेठजींनी त्यांना सरबत पाजलं आणि कागद दाखवले. सगळीकडे मामांचंच नाव. “तुमचे मालक तर दौंडलाच राहतात,” शेठजी म्हणाले.

त्यानंतर मामांवर कुणी विश्वास ठेवेना. ते दाढीला गेले की न्हावी दुकानाबाहेर जाऊन उभा राही. नळावर मामींशी कुणी बोलेना. यंत्रं विकली गेली आणि मामांनी बिऱ्हाड न्हावरे गावाला हलवायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मामींना भांडी बांधू लागत होते. मागच्या दाराने रहीमभाई आले.

“मामा, तुम्ही खरं बोललात. शेठचं तोंड बघितलं तवाच कळलं. पण मी आलतो हे कुणाला सांगू नका. मला हितंच ऱ्हायचंय.”

“न्हाई सांगत,” मामा म्हणाले. “दुसऱ्याचं नाव झाकायची सवय हाय मला.”

रहीमभाई मागच्याच दाराने गेले.