खाडीकाठच्या विहिरीचं पाणी आणि पंचांग

मी विहिरीतून बाटली वर ओढली, बूच लावलं, तोच पाणी भरायला आलेली कोळीण हिराबाई म्हणाली, "आजचा पानी नको नेऊ, भाऊ. उधाण हाय."

मी हसलो. नमुना महिन्याच्या पहिल्या सोमवारी घ्यायचा, हा ऑफिसचा नियम. त्यात समुद्राला विचारायची सोय नव्हती.

ही मुंबईत प्लेग येण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी पाणी तपासणाऱ्या लॅबोरेटरीत असिस्टंट होतो. राहायला गिरगावात. दादरच्या पलीकडे, नदी खाडीला मिळते तिथे कोळ्यांचा एक पाडा होता. नळ तिथवर पोचला नव्हता. सगळा पाडा या एका विहिरीवर जगत होता, आणि तीच बुजवायचा कागद साहेबाच्या टेबलावर पडला होता. कारण, पाणी खारट.

मीठ मोजायची आमची रीत सोपी. पाण्यात पिवळा रंग घालायचा, मग चांदीचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. पाणी तांबूस झालं की थांबायचं. थेंब जास्त लागले, तर मीठ जास्त. पण या विहिरीचं रजिस्टर वेड्यासारखं होतं. एका महिन्यात पाणी गोड, पुढच्यात खारट, मग पुन्हा गोड. साहेब म्हणाला, असिस्टंट निष्काळजी असावा. हे मला झोंबलं.

म्हणून त्या दिवशी मी हिराबाईला विचारलं, उधाणाचा काय संबंध? अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते, ती म्हणाली, तेव्हा खाडी विहिरीत झिरपते. बायका त्याच्या आधीच, भांगाच्या दिवसांत, म्हणजे लहान भरतीच्या वेळी, रांजण भरून ठेवतात. हे पाड्यातल्या पोरींनाही ठाऊक होतं. मी इतकी वर्षं येत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

आमच्या घरी जुनी पंचांगं टाकायची नाहीत, अशी वडिलांची शिस्त. माळ्यावरून ट्रंक काढली. बायकोला वाटलं, कुणाचं लग्न ठरतंय. मी रजिस्टरातल्या प्रत्येक तारखेपुढे तिथी लिहीत गेलो. खारट पाण्याचे बहुतेक सगळे सोमवार उधाणाचे निघाले. खुर्चीवरून उठून मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. निष्काळजी मी नव्हतो, कॅलेंडर होतं.

मग उधाणाचे सोमवार वगळून फक्त भांगाचे आकडे एकाखाली एक मांडले. आता सगळे आकडे सारखे येणार, अशी माझी खात्री. ते सारखे आले नाहीत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत थेंब हळूहळू वाढतच होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाड्यावर गेलो. हिराबाई जाळं दुरुस्त करत होती. भांगातही मीठ का वाढतंय, मी विचारलं. आपली सासू उधाणातही हेच पाणी प्यायची, असं ती म्हणाली. तेव्हा नदी बारमाही वाहायची आणि तिचं गोडं पाणी खाडीला मागे रेटायचं. पुढे वर डोंगरात तलाव बांधला, नदी अडली, आणि पावसाळा सरला की नुसतं ओलं पात्र उरायला लागलं.

"तुमच्या गिरगावात नळाला पानी कुठला?" तिने विचारलं.

"त्याच तलावाचं," मी म्हणालो.

"मंग आमचाच पीतंस रं तू." ती रागावली नव्हती. पुन्हा जाळ्यात सुई घालायला लागली.

मी रिपोर्टात दोन्ही लिहिलं. तिथीचा भाग वाचून साहेब खूश झाला. विहीर वाचली, आणि नमुन्याचा दिवस सोमवारऐवजी अष्टमी, म्हणजे भांगाचा, ठरला. तलावाच्या परिच्छेदावर मात्र त्याने लाल पेन्सिल फिरवली.

"हे खरं असेल," तो म्हणाला, "पण हे आपल्या डिपार्टमेंटचं नाही."

पाच-सहा वर्षांनी भांगाचं पाणीही पिण्याजोगं राहिलं नाही. विहीर बुजवायला कुणाच्या हुकमाची गरज पडली नाही, बायकांनी आपणहून दोर काढून नेला. तेव्हापासून पाण्याच्या कुठल्याही नमुन्यावर मी तारखेशेजारी तिथी लिहीत आलो. आणि घरी नळ सोडला की हिराबाईचं ते "आमचाच पीतंस" आठवतं. तेवढं मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही.