अप्पांचे दोन खांब

जूनमधला दुसरा शनिवार, सिडनीतल्या क्वेकर्स हिलचं मैदान. हजर: मी, अप्पांची लेक मंजिरी आणि शेवटपर्यंत टिकलेला अनिकेत. खो-खोला एका बाजूला नऊ जण लागतात. पण आज खेळायचं नव्हतंच. अप्पांचे दोन खांब उपटून, खड्डे बुजवून मैदान कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, परत द्यायचं होतं.

अप्पांना कुठलाही खेळ नुसता बघता येत नसे. सांगलीत बँकेची नोकरी सांभाळून ते क्रिकेट, कबड्डी, खो-खो, टेबल टेनिस, सगळं खेळले. सत्तरीत लेकीकडे सिडनीला आले आणि पहिल्याच आठवड्यात, हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, त्या लॉन बोल्सच्या क्लबाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. इंग्रजी जेमतेम. आतल्या म्हाताऱ्यांनी हातानेच बोलावलं. पुढे ते अप्पांना 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणत आणि अप्पा त्यांना 'काय रे'. उजवा खांदा धरला तेव्हा मंजिरीच्या गॅरेजमध्ये डाव्या हाताने टेबल टेनिस सुरू केलं. म्हणाले, "हा हात इतकी वर्षं नुसताच होता की."

एका कोचिंगवाल्याने मुलांना टेबल टेनिस शिकवायचे पैसे देऊ केले. अप्पा शिकवायला गेले, पैसे घेतले नाहीत. मंजिरी वैतागली, तर म्हणाले, "पैसे घेतले की हरायची भीती वाटते गं."

शनिवारचा खो-खो त्यांनीच सुरू केला. माणसं जमवायचं काम माझ्याकडे. कौन्सिलची अट एकच: खेळ झाला की जमीन होती तशी करायची. खांब रोवण्याआधी अप्पा हिरवळीचा चौकोन सुरीने कापून ओल्या पोत्यावर ठेवत. शेवटी खड्ड्यात माती दाबून तो पुन्हा बसवत, वर बाटलीतलं पाणी. आम्हाला चहाची घाई. ते मान वर न करता म्हणत, "मैदान आपलं नसतं. खेळ झाला की परत करायचं."

मग कुणाच्या शिफ्टा आल्या, कुणाच्या मुलांचं सॉकर, कुणी पार मेलबर्नकडे, क्रेगीबर्नला घर घेतलं. मेसेज टाकून टाकून मी थकले. शेवटच्या खेळाला अप्पा आजारी असल्यामुळे खुर्चीवर बसून होते. पुढच्या शनिवारी लागतीलच म्हणून आम्ही खांब तसेच ठेवले. तो शनिवार आलाच नाही. हॉस्पिटलमध्ये त्यांनी खेळाचं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, अप्पा, माणसं येत नाहीत. ते म्हणाले,

"मग देऊन टाक. उगाच अडवून नको ठेवूस."

मार्चमध्ये ते गेले.

आज पहिला खांब अनिकेतने हलवून हलवून काढला. मी माती दाबली, नर्सरीतून आणलेल्या हिरवळीच्या दोन चौकोनांपैकी एक बसवला, पाणी घातलं. फावडं घेऊन दुसऱ्याकडे गेले, तर मंजिरी त्याच्यापुढे बसलेली, वडिलांनी खो-खोला बसवलं असतं तशी, उकिडवी, मैदानाच्या कडेकडे तोंड करून.

"हा पुढच्या शनिवारी काढू," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. उरलेल्या चौकोनासकट पोतं पुन्हा भिजवून गाडीत ठेवलं आहे. दुसरा खांब काढायचा आहे.