सुमनमावशींची किल्ली

वस्तीतल्या बायकांच्या मंडळाने समाजमंदिरात पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान काढलंय. तुरुंगातून सुटलेल्यांना तिथे काम मिळतं. घरफोडीची शिक्षा भोगून आलेला दिनकर तिथेच बसतो.

काल मी मिक्सर आणायला गेले, तेव्हा दुकानासमोर राहणाऱ्या सुमनमावशी पिशवी घेऊन आल्या. लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांनी घराची किल्ली दिनकरपुढे धरली. "परसातल्या तुळशीला पाणी घाल रे."

दिनकर बघतच राहिला. "मावशी, मला देताय?"

"मग कुणाला देऊ? दारासमोर तूच असतोस ना दिवसभर?"

त्याने हात पँटला पुसले आणि तीर्थ घ्यावं तशी ओंजळीत किल्ली घेतली.

चांगलं वाग म्हणून सांगणारे त्याला पुष्कळ भेटले असतील. गावाला जाताना घर सोपवणारं माणूस मात्र नशिबानेच भेटतं. अशा माणसाखातर आपण किती सांभाळून वागतो!

आज सकाळी तिथूनच जात होते. मावशींच्या पायरीखाली चपला काढून दिनकर दारापाशी उभा होता. कुलपाला किल्ली लावण्याआधी त्याने हळूच कडी वाजवली.

घरात कुणी नाही, हे त्याला ठाऊक होतं.