चाचांचा कान

आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात यंत्राचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस एकच होता, आणि त्याला बहिरं ठरवलं ते मी. डोंगरकड्याला माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. नळ्या गरगर फिरवून रक्तातलं पाणी वेगळं करणारं आमचं सेंट्रीफ्यूज बरोबर फिरतं की नाही, हे बघायला सेनगावचे चाचा दर सहा महिन्यांनी यायचे. फेरे मोजायचं मीटर ते नातवाच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून आणत. आल्याबरोबर पंखा बंद, पेशंट गप्प. मग स्टीलच्या चमच्याचं टोक यंत्राला आणि दांडा कानाला लावून ते डोळे मिटत. एकदा एका आजींनी विचारलं, "याला काय दुखून राहिलं?" चाचा गंभीरपणे म्हणाले, "सर्दी हाय, आजी. बेरिंगला." बेरिंग खरंच गेलेलं निघालं. कान आधी आकडा सांगे, मीटर नंतर त्याला दुजोरा देई. फिरत्या चकतीवर चाचांनी चमकत्या कागदाचा एक तुकडा चिकटवला होता. मीटर त्यावर उजेड टाकी आणि तो चमकला की एक फेरा मोजी. आम्हाला त्यांची शिकवण एकच होती : "इकडं नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची पायजे. न्हाई तर मशीनला तकलीफ."

ती शिकवण मी नको इतकी मनावर घेतली. त्यांच्या शेवटच्या खेपेच्या आदल्या दिवशी चकती पुसताना मला तो एकटा तुकडा खटकला. वजन बराबर राहावं म्हणून मी समोर तसाच दुसरा चिकटवला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी चमचा लावला. "तीन हजार." मीटरने सहा हजार दाखवले. त्यांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा मोजलं. स्वतःच्या हाताने लावलेला कागद कोण तपासतो? "काहून असं होऊन राहिलं?" ते पुटपुटले. मी हसत म्हणालो, "चाचा, कान म्हातारा झाला. मीटर कशाला खोटं बोलेल?" आणि मीटरवर हवे तेवढे तीन हजार येईपर्यंत हट्टाने वेग निम्मा करायला लावला. जाताना ते चमचा माझ्या टेबलावर विसरले. संध्याकाळपर्यंत हा किस्सा मी तालुक्यातल्या सगळ्या लॅबवाल्यांना फोनवर रंगवून सांगितला होता.

पुढच्या दिवशी एकाही नळीत पाणी वेगळं होईना. टॉर्च घेऊन आत पाहिलं तर समोरासमोर दोन तुकडे, म्हणजे एका फेऱ्याला दोनदा चमक. मी माझा तुकडा खरवडला, वेग पूर्ववत केला आणि गप्प बसलो. चाचांनी काम सोडल्याचं कळलं, तरी दोन वर्षं गप्पच.

परवा चमचा खिशात घालून सेनगावची जीप धरली. चाचा बाजेवर बसले होते. मीटर दिसलं नाही. तो स्वेटर मात्र उशाखाली होता. चहा आला. मान वर करून त्यांनी हळूच विचारलं, "तुमी सांगा, हा पंखा वाजून राहिला का? मला तर वाटते. पण आता कोणाला बोलत न्हाई मी."

मी चमचा त्यांच्या हातात ठेवला.

"वाजतोय, चाचा. तुमचा कान बराबर आहे, त्या दिवशीही होता. कागदाचा दुसरा तुकडा मी लावला होता. कळल्यावरही बोललो नाही. चुकलो मी, माफ करा."