सिलिकॉननं बुजवलेली खिडकी

आमच्या गोंदियात बाजाराच्या रस्त्यावर एक दुमजली इमारत उभी राहिली, पुढून सगळी काचेची. उन्हाळ्यात इथं डांबर पाघळतं, आणि या शहाण्याला भिंतीऐवजी काच पाहिजे! मालक म्हणाला, "एकदम नागपूरवाला लुक होना चाहिए." काच बसवायचं काम माझं. आयुष्य त्यातच गेलं, त्यामुळे या लुकवाल्यांची मला मनापासून किळस येते.

खाली दुकान, वर अभ्यासिका होती. तिथं दोन उघडणाऱ्या खिडक्या ठेवल्या होत्या, पण राईस मिलच्या धुराड्यातली भुशाची काळी राख आत येते म्हणून मालकानं त्या बुजवायला सांगितल्या. सिलिकॉनची नळी घेऊन मीच चारही कडा बंद केल्या. स्लॅब आणि काच यांच्यामधली फट आग अडवणाऱ्या सामानानं भरावी लागते, हेही मी त्याला सांगितलं होतं. "दिखता है क्या वो?" त्यानं विचारलं. दिसत नव्हतं. मग फटीवर ॲल्युमिनियमची पट्टी मारून मोकळा झालो.

मार्चमधल्या एका सकाळी खालच्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला. माझी मुलगी वर पोलीस भरतीचा अभ्यास करत बसली होती. मी धावत पोचलो तेव्हा दुकानाच्या काचेच्या दरवाजांचा तापून चुरा झाला होता. धूर जिन्यातून आणि त्या मोकळ्या फटीतून सरळ अभ्यासिकेत चढत होता. रस्त्यावरचे वीर शोकेसच्या तापलेल्या साध्या काचेवर बादल्यांनी गार पाणी मारत होते. काच तडकून त्यांच्याच पायांवर पडत होती. उरलेले अकलेचे कांदे मोबाईलवर शूटिंग करत होते.

वर मुलगी खुर्ची उचलून काचेच्या मधोमध आदळत होती. ही टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच मध्यावर कितीही दणके सोसते, पण कोपऱ्यात घाव बसला की सगळी एकदम खाली येते.  मी तिला फोन लावला आणि तिनं उचलताच ओरडलो, "मधात नको मारू! कोपऱ्यात मार, लोखंडानं!"

आग विझवायचा सिलिंडर तिथं शोभेला टांगलेला होता, आत काही नव्हतं. तिनं तोच उचलला. तिसऱ्या दणक्याला काच ढासळली आणि काळा धूर बाहेर आला. शेजारच्या मंडपवाल्यानं शिडी लावली, सगळी मुलं उतरली. माझी सगळ्यांत शेवटी.

लोक माझी पाठ थोपटू लागले. मालकही पुढे आला आणि म्हणाला, "बरं झालं, तुम्हाले काचेतलं समजते."

त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला मी तोंड उघडलं, तोच खोकत खोकत मुलगी बोलली.

"समजत होतं तं खिडकी बंद काऊन केली, बाबा?"