उरुशीचा घास

किकुएचं अख्खं आयुष्य उरुशीच्या, म्हणजे चिकापासून रोगण देणाऱ्या झाडांत गेलं. जपानमधल्या इवातेतल्या त्या डोंगरगावात खोडाला चरे पाडून चीक काढणारी बाई ती एकटीच. बाप्ये हसायचे, ती कानाआड करायची. हा चीक महाबेरकी, नवख्याच्या अंगावर बिब्ब्यासारखा उततो. म्हणून नवशिक्याला आधी भाताच्या घासातून थेंबभर चीक चारायचा, ही तिथली रीत. पोटानं ओळख धरली की कातडी कुरकुर करत नाही, असं सगळे मानत. किकुएलाही तिच्या बापानं असाच चारला होता.

नवरा गेला आणि मुलगी साने सेंदाई शहरातली नोकरी सोडून परतली. "आई, झाडं मी बघते. मला शिकव," म्हणाली. किकुएला आभाळ ठेंगणं झालं.

हंगाम तोंडावर आला, त्याच आठवड्यात सानेचं पोट बिघडलं. अंगात कणकण होती. तरी किकुएनं चिकाचा घास तिच्यापुढं धरला.

"आज राहू दे ना गं."

"झाडं तुझ्या पोटासाठी थांबायची का? गिळ मुकाट्यानं."

सानेनं गिळलं. संध्याकाळी तिचं तोंड सुजून डोळे मिटले, श्वास घरघरू लागला. दवाखाना गाठेपर्यंत किकुएच्या जिवात जीव नव्हता.

साने वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतड्यातल्या पेशी एकमेकींना सांगावे धाडतात, किकुएसान. पोट शांत असेल तर बहुधा निरोप जातो, घरचाच आहे, येऊ द्या. पोट पेटलेलं असलं की तेच निरोप उलटतात, शत्रू आला, हाणा. तिच्या अंगानं आता चिकाशी वैर धरलंय. ते सुटणं कठीण."

"मी थांबले असते तर?"

"कदाचित निभावलं असतं. कदाचित नसतंही. ही रीतच धोक्याची."

घरी आल्यावर किकुएनं मुरलेला चीक निघावा म्हणून तेलानं हात खसाखसा चोळले, साबणानं धुतले आणि लेकीच्या गालावरून फिरवले. दुसऱ्या दिवशी सानेच्या गालावर तिथंच फोड उठले.

"झाडं देऊन टाकते कुणाला तरी," किकुए म्हणाली.

"मग मी आले कशाला होते?" सानेनं विचारलं. "तू झाडं सांभाळ. मी जाते."

बस आली. साने निरोपाला कमरेत वाकली, किकुएही वाकली. पोरीची कॉलर आत दुमडली होती. किकुएचा हात उठला, अर्ध्यावर थबकला. तो तिनं खिशात घातला आणि म्हणाली, "कॉलर नीट कर, साने."